घरदुरुस्तीचे नकाशे आणि परवानगी-कचेरीच्या हरकती
(पुणे शहरातील जुन्या वाड्यांच्या संदर्भात एक विवेचन)

राहत्या घरात फेरफार करू इच्छिणाऱ्या नागरिकाचा नगरशासनाशी जो संबंध येतो तो मुख्यतः नकाशाच्या द्वारे येतो. घरमालक आपली गरज वास्तुविशारदास सांगतो, वास्तुविशारद ती कागदावर उतरवितो, आणि महानगरपालिकेचा बांधकाम विभाग तो कागद वाचून मंजुरी देतो, नाकारतो किंवा हरकती काढून परत करतो. पहिले दोन परिणाम सुबोध आहेत; तिसऱ्याचे स्वरूप मात्र सामान्यतः नीट समजून घेतले जात नाही. हरकत म्हणजे नकार, अशी घरमालकाची समजूत असते. हरकत म्हणजे अडवणूक, असे लोकमत सांगते. आणि हरकत म्हणजे नकाशा पुन्हा काढण्याचा हुकूम, असे समजून अनेक वास्तुविशारद नवा नकाशा दाखल करतात व त्यातून नव्या हरकती ओढवून घेतात. या तिन्ही समजुती अपुऱ्या आहेत. हरकत हा मूलतः एक प्रश्न असतो, आणि कोणता प्रश्न विचारला गेला आहे हे ओळखल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. पुणे शहराच्या, विशेषतः जुन्या पेठांतील वाड्यांच्या संदर्भात या प्रश्नांचे स्वरूप व त्यांच्या निरसनाची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

१. कायद्याची चौकट

पुणे नगरपालिकेचे रूपांतर महानगरपालिकेत १५ फेब्रुवारी १९५० रोजी झाले. तिच्या कारभारास आधारभूत असलेला १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम २५३ मध्ये नवी इमारत उभारण्याच्या इराद्याची, तर कलम २५४ मध्ये अस्तित्वात असलेल्या इमारतीत भर घालण्याच्या अथवा फेरफार करण्याच्या इराद्याची सूचना आयुक्तांस देण्याची तरतूद आहे. नवे बांधणे व जुने बदलणे या दोन क्रिया कायद्याने आरंभापासूनच वेगळ्या मानल्या आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

याला समांतर असा दुसरा प्रवाह नगररचनेच्या कायद्याचा होय. मुंबई इलाख्यात १९१५ साली झालेला नगररचना अधिनियम, त्याची जागा घेणारा १९५४ चा अधिनियम आणि त्यानंतरचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, अशी ही परंपरा आहे. पहिल्या प्रवाहाची दृष्टी इमारतीच्या आरोग्याकडे व सुरक्षिततेकडे आहे. दुसऱ्याची दृष्टी जमिनीच्या वापराकडे व शहराच्या घडणीकडे आहे. एकाच नकाशावर दोन निरनिराळ्या हेतूंनी प्रश्न विचारले जातात याचे कारण या दुहेरी परंपरेत सापडते. जिना अरुंद आहे, ही हरकत पहिल्या दृष्टीतून येते. जोत्याचा काही भाग नियोजित रस्त्यात जातो, ही दुसऱ्या दृष्टीतून. एकीचे उत्तर दुसरीस लागू पडत नाही.

प्रत्यक्ष मोजमापांचे नियम या दोन्ही कायद्यांखालील नियमावलीत असतात. पुण्यासाठी १९८७ च्या विकास आराखड्याबरोबर विकास नियंत्रण नियमावली आली. जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा शासनाने ५ जानेवारी २०१७ रोजी मंजूर केला. आणि डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही प्रदेश वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. एखादा वाडा यांपैकी प्रत्येक नियमावलीच्या आधीचा असू शकतो. ज्या इमारतीने नियम पाहिलेच नाहीत तिला नियमांच्या भाषेत वर्णावयाचे, ही वाड्याच्या नकाशाची मूळ अडचण आहे.

२. दुरुस्ती, फेरफार आणि पुनर्बांधणी

कोणत्या कामास परवानगी लागते, हा प्रश्न नकाशाच्या आधी येतो. १९६६ च्या अधिनियमाचे कलम ४३ विकासकामास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविते. पण इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा बदल यांपैकी ज्या कामांचा परिणाम केवळ अंतर्भागावर होतो, किंवा ज्यांनी बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पडत नाही, ती कामे त्याच कलमाने वगळली आहेत. वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंना मात्र ही सूट नाही. गिलावा, रंगकाम, फरशी किंवा आहे त्या जागीच दारे-खिडक्या बदलणे यांसाठी नकाशाचा खटाटोप करावा लागू नये, हा या सवलतीचा आशय होय.

परंतु ‘अंतर्भाग’ या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. वाड्याचा सांगाडा लाकडी खांब व तुळयांचा असतो आणि खणांच्या मोजणीवर त्याची रचना उभी असते. विटा व मातीच्या जाड भिंती कोठे केवळ आडोसा करतात, तर कोठे भार वाहतात. माजघर आणि ओसरी यांच्यामधील भिंत काढून एक प्रशस्त दालन करणे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून ते अंतर्गत काम आहे असे मालकास वाटते. ती भिंत जर वरच्या मजल्याच्या तुळईस आधार देत असेल, तर ते काम संरचनेतील फेरफार होय आणि त्यास महानगरपालिका अधिनियमाची दृष्टी लागू होते. तेव्हा पहिली हरकत बहुधा अशी येते की, अर्जात ‘दुरुस्ती’ म्हटले आहे व नकाशात फेरफार दिसतो. येथे उत्तर नकाशात शोधणे व्यर्थ आहे. अर्जाचे नावच बदलले पाहिजे.

३. हरकतींचे वर्गीकरण

हरकतींची यादी कितीही लांब असली, तरी तिच्यातील प्रत्येक शेरा साधारणतः पुढील पाच प्रश्नांपैकी एखाद्याखाली येतो.

(अ) ही जागा कोणाची व कोणती? नगर भूमापन क्रमांक, मिळकत पत्रिकेवरील क्षेत्र, मोजणीचा नकाशा आणि अर्जदाराचे नाव यांचा मेळ बसला पाहिजे. पेठांतील मिळकतींवर दोन-तीन पिढ्यांपूर्वीची नावे राहून गेलेली असतात. वारसांची नोंद झालेली नसते. सहहिस्सेदारांपैकी काही परगावी असतात. ही हरकत नकाशावर लिहिलेली असली, तरी तिचे निरसन भूमापन कचेरीत होते. वास्तुविशारदाने कितीही सुधारित रेखाटने दिली, तरी ती जागची हलत नाही.

(आ) आज जे उभे आहे ते कधीचे व कोणत्या आधारावर? विद्यमान बांधकाम नकाशात दाखविताना त्याच्या वैधतेचा पुरावा द्यावा लागतो. पूर्वीचा मंजूर नकाशा असल्यास प्रश्न मिटतो. तो नसल्यास जुने भूमापन नकाशे, कर आकारणीच्या नोंदी, पूर्वीचे दाखले यांतून काल निश्चित करावा लागतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मिळकतकराची पावती बांधकाम अमुक वर्षी अस्तित्वात होते एवढेच सुचविते. ते परवानगीने झाले होते असे ती सिद्ध करीत नाही. कर घेणे आणि मान्यता देणे या नगरशासनाच्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. वाड्याच्या मूळ इमल्यास हा पुरावा पुष्कळदा उपयोगी पडतो, पण मागील चौकात नंतर चढविलेल्या पत्र्याच्या खोलीस तो तारू शकत नाही. ती खोली ‘विद्यमान’ म्हणून दाखविणे हाच पुढील सर्व हरकतींचा उगम ठरतो.

(इ) आकडे एकमेकांशी जुळतात काय? एक कल्पित उदाहरण घेऊ. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र १६६ चौरस मीटर आहे. प्रत्यक्ष जागेची मोजणी ९ मीटर गुणिले १८ मीटर, म्हणजे १६२ चौरस मीटर भरते. आणि पुढील बाजूस दीड मीटर रुंदीची पट्टी, म्हणजे १३.५० चौरस मीटर, रस्तारुंदीत जाते. कागदावरील व जागेवरील क्षेत्रांत फरक असेल तेथे कमी असलेले क्षेत्र धरावयाचे, हा स्वीकृत दंडक आहे. म्हणजे हिशेबास १६२ मधून १३.५० वजा जाता १४८.५० चौरस मीटर उरतात. रस्त्याखाली जाणाऱ्या पट्टीचा नियमानुसार जो मोबदला मिळावयाचा तो वेगळ्या रकान्यात दाखवावा लागतो. नकाशाकाराने एकदम १६६ हा आकडा धरला, तर आरंभीच १७.५० चौरस मीटरची चूक होते. केवळ उदाहरणापुरता चटई क्षेत्र निर्देशांक १.५० मानला, तर ही चूक २६.२५ चौरस मीटर बांधकामाइतकी होते. हे दोन खोल्यांचे क्षेत्र झाले. ‘क्षेत्राचा तक्ता जुळत नाही’ हा चार शब्दांचा शेरा वाचणाऱ्यास क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन खोल्यांचे अस्तित्व पणास लागलेले असते.

(ई) नकाशाचे निरनिराळे भाग एकाच इमारतीचे आहेत काय? मजल्याचा आराखडा, उभा छेद आणि दर्शनी भाग ही एकाच वस्तूची तीन दर्शने होत; पण ती निरनिराळ्या वेळी काढली गेल्याने त्यांच्यात विसंगती शिरते. समजा, आराखड्यात जिन्याला १४ चढ दाखविले आहेत आणि तपशिलात प्रत्येक चढ १८ सेंटिमीटरचा दिला आहे. एकूण उंची २.५२ मीटर होते. छेदात मात्र एका मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. उरलेले ४८ सेंटिमीटर कोठे गेले, असे तपासनीस विचारतो. चढांची संख्या तीच ठेवली तर प्रत्येक चढ सुमारे २१.४ सेंटिमीटर होतो, आणि राष्ट्रीय इमारत संहितेने निवासी इमारतीच्या जिन्यास घालून दिलेली १९ सेंटिमीटरची मर्यादा ओलांडली जाते. मर्यादेत राहावयाचे तर १६ चढ हवेत. पायरीची रुंदी २५ सेंटिमीटर धरल्यास जिना अर्ध्या मीटरने लांबतो, आणि एका सलग चढणीतील पायऱ्यांच्या संख्येलाही मर्यादा असल्याने मध्ये विसाव्याची जागा ठेवावी लागण्याचा संभव असतो. म्हणजे शेजारची खोली आखडते आणि कदाचित एक तुळई कापावी लागते. छेदातील आकडा खोडून २.५२ लिहिला, तर हरकत कागदावर मिटते. पण मिस्त्री जिना कागदावर बांधीत नाही.

विद्यमान व नियोजित यांतील भेद रंगांनी दाखविण्याचा नियमही याच सुसंगतीसाठी आहे. पाडावयाचा भाग पिवळ्या रेषांनी व नवे काम तांबड्या रंगाने भरून दाखविण्याची रूढी आहे. घरदुरुस्तीच्या नकाशात या रंगांचे महत्त्व नव्या इमारतीच्या नकाशाहून अधिक असते, कारण तेथे जुने किती राहते यावरच कामाचा कायदेशीर वर्ग ठरतो. पिवळा रंग जेव्हा सगळ्या नकाशावर पसरतो, तेव्हा ‘दुरुस्ती’ हा शब्द आपोआप निरर्थक होतो.

(उ) हे उभे राहील काय, आणि आपत्तीत माणसे बाहेर पडतील काय? संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, जिन्याची रुंदी, उजेड व वारा, सांडपाण्याची सोय यांविषयीच्या हरकती या वर्गात मोडतात. पाया पूर्वी मातीच्या भिंतीसाठी घातलेला असताना वर काँक्रीटची स्लॅब टाकण्याचा प्रस्ताव आला, तर वाढीव भाराचा हिशेब मागणे ही अडवणूक नव्हे.

४. शनिवारवाड्याभोवतालचा विशेष प्रश्न

पुण्यातील काही मिळकतींच्या बाबतीत या पाच प्रश्नांत सहाव्याची भर पडते. शनिवारवाडा व पाताळेश्वर लेणी ही केंद्र शासनाने संरक्षित केलेली स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचा प्रदेश प्रतिबंधित, आणि त्यापलीकडील २०० मीटरचा प्रदेश नियंत्रित ठरविला आहे. नियंत्रित प्रदेशात परवानगीने बांधकाम होऊ शकते. प्रतिबंधित प्रदेशात खाजगी मालकास नवे बांधकाम किंवा पुनर्बांधणी करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या इमारतींच्या केवळ दुरुस्तीसाठी व नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो.

येथे व्याख्येचा बारकावा निर्णायक ठरतो. या कायद्यानुसार दुरुस्ती व नूतनीकरण यांत विद्यमान इमारतीतील फेरफार येतात, पण बांधकाम अथवा पुनर्बांधणी येत नाही. आणि पुनर्बांधणी म्हणजे पूर्वीच्याच आडव्या व उभ्या मर्यादांत इमारत पुन्हा उभारणे. ‘होते तेवढेच बांधतो, एक वीतही वाढवीत नाही’ हा युक्तिवाद घरमालकाच्या दृष्टीने अत्यंत न्याय्य असला, तरी कायद्याच्या भाषेत तो पुनर्बांधणीची कबुलीच ठरतो. म्हणून कसबा व शनिवार पेठांच्या या भागातील नकाशात जुन्या सांगाड्याचा कोणता भाग जागेवर राहणार, कोणत्या तुळया बदलणार, त्या कोणत्या क्रमाने व कोणत्या टेकूंवर बदलणार, हे दाखविणे हाच उत्तराचा गाभा असतो. इमारत एकदा पूर्णतः कोसळली किंवा पाडली गेली, की दुरुस्तीचा विषयच संपतो. विलंबाची किंमत या भागात जितकी मोठी आहे तितकी शहरात अन्यत्र क्वचितच असेल.

५. निरसनाची रीत

वरील वर्गीकरणावरून उत्तराची रीत सहज निष्पन्न होते. प्रथम प्रत्येक हरकत कोणत्या प्रश्नाखाली येते ते ठरवावे आणि ती कागदपत्राने, हिशेबाने, रेखाटनाने की रचनेतील प्रत्यक्ष बदलाने मिटणारी आहे हे पाहावे. हे चार उपाय एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. मालकीची हरकत रेखाटनाने मिटत नाही, आणि जिन्याची हरकत प्रतिज्ञापत्राने मिटत नाही.

दुसरे असे की, हरकतींच्या क्रमानेच लेखी उत्तर द्यावे व प्रत्येक उत्तरापुढे बदल नकाशाच्या कोणत्या पानावर, कोणत्या जागी केला आहे ते नमूद करावे. सुधारित नकाशात विचारलेल्याखेरीज अन्य बदल करू नयेत; करणे भागच पडल्यास ते वेगळे सांगावेत. न सांगता केलेला एक सोयीस्कर बदल सापडला, की तपासनिसास सारा नकाशा नव्याने वाचणे प्राप्त होते.

तिसरे, एक बदल केल्यावर त्याचा माग शेवटपर्यंत काढावा. जिना लांबला तर खोलीचे क्षेत्र बदलते. खोली बदलली तर खिडकीचे प्रमाण बदलते. आणि या सर्वांनी क्षेत्राचा तक्ता बदलतो. दुसऱ्या फेरीतील हरकतींचा उगम पहिल्या फेरीच्या अर्धवट उत्तरांत असतो. आता नकाशे संगणकप्रणालीद्वारे तपासले जात असल्याने आकड्यांतील विसंगती लगेच उघडी पडते. मात्र कोणती भिंत भार वाहते हे ती प्रणाली सांगू शकत नाही.

चौथे, हरकत चुकीची वाटत असल्यास तिचे खंडन नियमाचा निर्देश करून लेखी करावे. तोंडी समजुतीवर विसंबण्यात दोन्ही पक्षांचे अहित आहे. अधिकारी बदलतो, समजूत त्याच्याबरोबर जाते, आणि दप्तरात हरकत मात्र तशीच राहते.

६. मुदत, अपील आणि खोटा दिलासा

१९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळविला न गेल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. या तरतुदीवर पुष्कळांची भिस्त असते. पण तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. हे ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा मागितलेल्या खुलाशास अर्जदाराने दिलेले उत्तर पोहोचल्याच्या तारखेपासून, यांतील जी तारीख नंतरची असेल तेव्हापासून मोजले जातात. म्हणजे उत्तर जितके लांबते तितकी मुदतही पुढे सरकते. तसेच अशी मानीव परवानगी नियमांशी सर्वस्वी सुसंगत असलेल्या कामासच लाभते. नियमबाह्य काम तिच्या आधारे वैध होत नाही. परवानगी नाकारली गेल्यास किंवा तीस घातलेल्या अटी मान्य नसल्यास कलम ४७ नुसार ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते. याउलट, अर्जात महत्त्वाच्या बाबींचे असत्य कथन आढळल्यास महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ नुसार दिलेली परवानगीही रद्द होऊ शकते. हरकत टाळण्यासाठी लपविलेली गोष्ट मंजुरीनंतरही पाठ सोडत नाही.

७. उपसंहार

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. मातीच्या भिंतींत पाणी शिरल्यावर काय होते, याचा तो भीषण धडा होता. आजही पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना महानगरपालिकेच्या नोटिसा लागतात. अशा वाड्यांत अल्प भाड्याने राहणारी बिऱ्हाडे असतात. भाडे नियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, पण त्या भाड्यातून तुळई बदलण्याचा खर्च निघत नाही. मालक परवानगीच्या विलंबाकडे बोट दाखवितो, कचेरी अपुऱ्या नकाशाकडे, आणि भाडेकरू ओल्या भिंतीकडे पाहत आणखी एक पावसाळा काढतो.

या परिस्थितीत हरकतींची प्रत्येक निष्फळ फेरी ही केवळ कागदाची नासाडी नसते. कचेरीनेही आपल्या बाजूने सर्व हरकती एकाच वेळी, नियमाच्या निर्देशासह आणि कोणत्या उपायाने त्या मिटतील हे समजेल अशा भाषेत कळविणे अगत्याचे आहे. तुटपुंजा शेरा तुटपुंजेच उत्तर मागवितो. नकाशा हे इमारतीविषयीचे लेखी विधान आहे, आणि हरकत ही त्या विधानाची परीक्षा आहे. विधान सत्य असेल तर परीक्षा सोपी जाते. जेथे ते असत्य आहे, तेथे कुशल रेखाटनाने मंजुरी मिळविता येईल. पण जुन्या भिंतीवर पडणारा भार त्या मंजुरीने कमी होणार नाही.